परसातला नारळ : रोप घेताना काय पाहावे?

मृगाचा पाऊस पडला की आठवडी बाजारात नारळाच्या रोपांचे टेम्पो उभे राहतात. 'कोकणातलं खास रोप, तीन वर्षांत फळ' अशी हाळी देऊन विक्री चालते. आपले सभासद बंधू उसाचे बेणे घेताना डोळान्‌डोळा तपासतात, पण नारळाचे रोप मात्र उंची पाहून उचलतात. ऊस फसला तर वर्ष-दीड वर्षात कळते आणि मोडता येतो. नारळाचे तसे नाही. झाड भाकड निघाले हे कळेपर्यंत आठ-दहा वर्षे त्याला पाणी-खत घालून झालेले असते. रोपाचे चार पैसे गेल्याचे दुःख नाही, वर्षे परत मिळत नाहीत.

आधी जात ठरवा. घरच्या खोबऱ्यासाठी व दीर्घकाळ टिकणारे झाड हवे असेल तर बाणवली ही उंच जात घ्यावी. तिला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात, पण झाड ऐंशी-शंभर वर्षे जगते आणि चांगली निगा असेल तर वर्षाला ८० ते १०० नारळ देते. भाट्ये (रत्नागिरी) येथील नारळ संशोधन केंद्रात बाणवलीतूनच निवडलेली 'प्रताप' ही जात १९८७ साली प्रसारित झाली. ती जास्त धरते. तीन-चार वर्षांत फळ येते ते ऑरेंज ड्वार्फसारख्या ठेंगू जातींना. त्यांची शहाळी गोड, पण खोबरे बेताचे. तेव्हा टेम्पोवाल्याची 'तीन वर्षे' खरी मानायची तर ते रोप ठेंगू असले पाहिजे, आणि तोच माणूस ते बाणवली म्हणून विकत असेल तर काय समजायचे ते समजा!

टी-डी ही संकरित जात, म्हणजे उंच आई आणि ठेंगू बाप. चार-पाच वर्षांत धरते. मात्र तिला खत-पाणी वेळेवर लागते. शेजाऱ्याच्या टी-डी झाडाचा नारळ आणून रोप केले तर ते टी-डी होत नाही, पुढची पिढी वेगवेगळी निघते. ही चूक आपल्याकडे फार होते.

बाणवलीचे रोप घरीच करायचे असेल तर आईझाड पाहा. वीस वर्षांवरचे, दरवर्षी नेमाने ८० च्या वर नारळ देणारे, डोक्यावर तीसेक झावळ्या असलेले, आखूड व जाड दांड्याचे घड धरणारे. नारळ अकरा-बारा महिन्यांचा पक्व हवा, आणि हलवला की आत पाणी वाजले पाहिजे. शक्यतो दोरीने खाली सोडावा. लावल्यावर पाच महिन्यांत कोंब न आलेले नारळ सरळ काढून टाकावेत. जो लवकर रुजतो तोच पुढे जोमाने वाढतो.

विकतचे रोप नऊ ते बारा महिन्यांचे घ्यावे. वर्षाच्या रोपाला पाच-सहा पाने आणि बुंध्याचा घेर चार इंच असावा. पान लवकर फाटून झावळीसारखे दिसू लागलेले रोप उत्तम. उंच, बारीक, पिवळट रोप सावलीत दाटीने वाढलेले असते, ते नको. कृषी विद्यापीठाच्या किंवा शासकीय रोपवाटिकेत आधी नोंदणी करावी आणि जातीचे नाव लिहिलेली पावती मागावी. पावती द्यायला जो का-कू करतो त्याच्याकडे पुढे काही विचारूच नका.

जागा निवडताना घर व विजेच्या तारांपासून पंचवीस फूट दूर राहा. वरून नारळ पडतो हे लहान पोरांना कळत नाही. दोन झाडांतही पंचवीस फूट अंतर हवे. खड्डा तीन फुटी. आपल्या काळ्या जमिनीत तळाशी वाळू-मुरूम टाकल्याशिवाय लावू नये. उसासारखे पाणी तुंबवले तर रोप कुजते. लावताना नारळ मातीत झाकावा, पण कोंबाच्या बेचक्यात माती जाऊ देऊ नये. पहिले दोन उन्हाळे सावली करावी.

आणि उकिरडा झाडाजवळ नको. गेंड्या भुंग्याची अळी कुजत्या शेणखतातच वाढते, मग भुंगा शेंड्यात शिरून कोवळी झावळी कुरतडतो. अशी झावळी उघडली की कात्रीने कापल्यासारखी दिसते. ती दिसताच भोकात तारेचा आकडा घालून भुंगा ओढून काढावा आणि उकिरडा उपसून अळ्या वेचाव्यात.