पुस्तक पुन्हा छापायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

ताराबाई शिंदे हे नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. कॉलेजमध्ये दक्षिण आशियाच्या इतिहासाचा एखादा कोर्स घेतला असेल तर 'स्त्रीपुरुष तुलना' रीडिंग लिस्टमध्येही असेल. आता एक करा. पुढच्या फोनवर आजीला विचारा, शाळेत असताना तिला हे नाव ठाऊक होतं का? मी माझ्या आजीला विचारलं. ती मॅट्रिकला मराठीत शाळेत पहिली आलेली, घरी पुस्तकांचं कपाट असलेली बाई. "कोण ताराबाई?" म्हणाली.

यात आजीचा काही दोष नाही. ती शाळेत होती तेव्हा हे पुस्तक जवळपास नव्हतंच.

१८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर स्वतःचं अर्भक मारल्याचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली, ती पुढे कमी करण्यात आली. या निमित्ताने 'पुणे वैभव'सारख्या पत्रांनी एकूणच बायकांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेतलं. बुलढाण्याच्या ताराबाईंनी त्याला उत्तर म्हणून हा निबंध लिहिला आणि १८८२ मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यातून छापून घेतला. प्रती ५००, किंमत नऊ आणे. जे दोष बाईच्या माथी मारता ते पुरुषांत नाहीत का, हा त्यांचा साधा प्रश्न, आणि भाषा अशी की आजही वाचताना कान लाल होतात. टीका झालीच. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र सामसूम. त्यांचं दुसरं कुठलंही पुस्तक आपल्याकडे नाही.

१९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी हा निबंध संपादित करून पुन्हा प्रसिद्ध केला. मध्ये ९३ वर्षं गेली. मालशे म्हणजे धनंजय कीर यांच्याबरोबर फुल्यांचं समग्र वाङ्मय संपादित करणारे. 'सत्सार' बारकाईने वाचलेल्या माणसाला ताराबाईंचं नाव चुकवता येणं शक्यच नव्हतं. फुल्यांच्या त्या मजकुरामुळे धागा शिल्लक राहिला असं मला वाटतं. रोझलिंड ओ'हॅनलन यांचं इंग्रजी भाषांतर १९९४ चं, म्हणजे तुमची रीडिंग लिस्ट फार पुढची गोष्ट.

मग ५०० प्रती गेल्या कुठे? कुणी जाळल्या नाहीत, बंदीही घातली नाही. पुस्तकं सहसा इतक्या नाट्यमय रीतीने मरत नाहीत. कपाट रिकामं करताना रद्दीत जातात, वाळवी लागते, पावसाळ्यात भिजतात. त्यात कागदाचा घात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चिंध्यांच्या कागदाची जागा लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदाने घेतली. शाई फुटू नये म्हणून त्याला तुरटी आणि राळेचं पाणी देत. त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कागदाला आतून खातं. म्हणून अठराव्या शतकातली पोथी धडधाकट असते आणि १९२० ची कादंबरी पान उलटताना पापडासारखी मोडते.

परदेशात राहणाऱ्या आपल्यासाठी यात एक गंमत आहे. १८६७ च्या कायद्याने हिंदुस्थानात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारजमा करणं बंधनकारक झालं. हेतू लक्ष ठेवण्याचा, साहित्यप्रेमाचा नाही. पण त्यातली काही पुस्तकं लंडनला इंडिया ऑफिसच्या ग्रंथालयात पोचली आणि ते ग्रंथालय आज ब्रिटिश लायब्ररीचा भाग आहे. त्यामुळे गावात कुणाकडेही नसलेलं मराठी पुस्तक कधीकधी सेंट पँक्रसच्या वाचनकक्षात सुती फितीने बांधून तुमच्यासमोर येतं. मला पहिल्यांदा ते आलं तेव्हा आनंद झाला आणि रागही आला. कशाचा जास्त, ते अजून सांगता येत नाही.

आता मूळ प्रश्न. प्रत मिळाली. पुढे?

तुम्ही म्हणाल, स्कॅन करा आणि टाका इंटरनेटवर. जरूर करा, तो पहिला उपाय. पण जुन्या खिळ्यांच्या छपाईत अक्षरं तुटलेली, शाई पसरलेली असते. मशीनला ती धड वाचता येत नाहीत, म्हणून शोधलं तरी आतला शब्द सापडत नाही. फाइलच्या नावात स्पेलिंग चुकलेलं असलं तर पुस्तक पुन्हा हरवलंच म्हणायचं. पुन्हा छापणं म्हणजे मजकूर नव्याने टाइप करणं, दुसरी प्रत मिळाल्यास दोन्ही ताडून पाहणं, मुद्रितं तपासणं आणि लेखक कोण, कशावरून लिहितोय हे सांगणारी प्रस्तावना लिहिणं.

इथे दर ओळीला निर्णय घ्यावा लागतो. १९६२ च्या नियमांपूर्वीच्या मराठीत 'नांव', 'घरें' असे अनुस्वार असत. ते काढायचे? काढले तर तरुण वाचकाला सोपं जातं. पण आपण बोलताना 'घरं' म्हणतो त्यातल्या शेवटच्या 'अं'चा माग त्या टिंबात आहे. मी ठेवण्याच्या बाजूचा आहे. दोन पानांत डोळ्यांना सवय होते.

'सुधारणा' किती महागात पडते त्याचं ठळक उदाहरण म्हणजे वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत सापडलेले, वेढ्याच्या काळात झाशीत असलेले हे भटजी. त्यांनी आपली हकिगत १८८३ मध्ये लिहिली आणि चिंतामण विनायक वैद्यांच्या हवाली केली. वैद्यांनी ती लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, पण भाषा घासूनपुसून आणि मजकुरात फेरफार करून. काळ इंग्रजांचा होता, ते समजू शकतं. तरी मूळ हस्तलिखितावरची आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी काढेपर्यंत १९६६ उजाडलं. तोवर जवळपास साठ वर्षं लोक गोडसे भटजी म्हणून अर्धे वैद्यच वाचत होते! वैद्यांनी मूळ हस्तलिखित जपलं म्हणून निदान दुरुस्ती तरी शक्य झाली.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो. अमेरिकेत जुन्या पुस्तकांना साधारणपणे प्रकाशनापासून ९५ वर्षं मोजतात. म्हणजे १९४० मध्ये छापलेलं, १९६० मध्ये वारलेल्या लेखकाचं पुस्तक भारतात २०२१ पासून मोकळं आहे. न्यू जर्सीत बसून छापायचं तर २०३६ पर्यंत थांबा. ताराबाईंच्या पिढीची ही अडचण उरलेली नाही. खरी पंचाईत १९४० ते १९७० मधल्या लेखकांची. प्रकाशक बंद पडलेला, वारस कुठे आहेत ते कळत नाही, कागद सगळ्यात वाईट, आणि हक्क मात्र जिवंत.

घरी जुनं पुस्तक सापडलं तर आधी मुखपृष्ठामागचं पान वाचा: साल, छापखाना, आवृत्ती. मग शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची बघा. १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची ही नोंद आहे आणि अशा कामात आजही पहिल्यांदा तीच उघडली जाते. सेलोटेप लावू नका, कृपा करा.

मी आणि दोन मित्र, एक दुबईत, एक टोरांटोत, सध्या शतकभर जुनं एक छोटं आत्मकथन टाइप करतोय. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा मूळ पान बघतो, तिसरा चुका पकडतो. तासाला सहा पानं होतात. आमच्या प्रतीत ६३-६४ हे पान फाटलेलं आहे, आणि ६२ व्या पानाच्या शेवटी बाई सासरचं घर सोडून निघालेली आहे. ६५ वर ती एकदम मुंबईत. दुसरी प्रत एका जिल्ह्याच्या गावी ग्रंथालयात असल्याचं कळलंय. दोन पत्रं पाठवून झाली. डिसेंबरमध्ये घरी जाईन तेव्हा स्वतःच जाऊन उभा राहणार आहे.