एटीएम कार्डाएवढा स्टोअरकीपर

प्रोजेक्टचे दिवस आले की आमच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबच्या दारात पोरांची रांग लागते. “सर, ५५५ आहे का?” रजिस्टर म्हणायचं ४०. स्टोअर सांभाळणारे मामा खण ओढायचे, तर आत ६. बाकीचे टायमर आयसी कुणी नेले, कधी नेले, याचा पत्ता नाही. शेवटी हे रजिस्टर आम्ही एका रास्पबेरी पायवर चढवलं.

मुलांनी प्रोग्रामिंग शिकावं म्हणून केंब्रिजमध्ये एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा स्वस्त संगणक घडवला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहिला पाय विक्रीला आला, तेव्हा किंमत होती ३५ डॉलर आणि मेमरी २५६ एमबी. आमच्याकडे २०१९ साली आलेला पाय ४ आहे, ४ जीबीचा. लांबी ८५ मिलिमीटर, रुंदी ५६. आमच्या कामात तो साधारण ४ वॅट खातो, म्हणजे दिवसरात्र चालू ठेवला तरी महिन्याला ३ युनिटच्या आत. ६० वॅटचा डेस्कटॉप तेवढ्याच वेळात ४३ युनिट घेईल. स्टोअरचं यंत्र कुणी विचारेल तेव्हा जागं हवं, म्हणून हा फरक मोठा.

त्यावर चालतं ते ‘इन्व्हेनट्री’. हे मुक्त सॉफ्टवेअर पायथॉनमधल्या जँगोवर बांधलेलं आहे. नावातलं झाड उगाच नाही. लॅब, तिच्यात कपाट, कपाटात खण, खणात डबी, अशा फांद्या करून जागा मांडायच्या. ‘पार्ट’ वेगळा आणि ‘स्टॉक’ वेगळा, ही यातली कळीची गोष्ट. ५५५ हा पार्ट एकदाच नोंदवायचा. तिसऱ्या खणातले १० आणि पाचव्यातले १५ हे त्याचे दोन स्टॉक. किमान साठा ठरवून दिला की त्याच्या खाली गेलेली वस्तू यादीत वर येते. प्रत्येक देवाणघेवाणीवर नाव आणि वेळ पडते. डबीवर क्यूआर चिकटवलेला आहे. मामा मोबाइल धरतात, डबीचं पान उघडतं, ते आकडा टाकतात आणि खण बंद करतात. फोनला फक्त लॅबचं वायफाय लागतं. बाहेरचं इंटरनेट बंद पडलं तरी काम अडत नाही.

अडलं ते विजेपाशी. सुरुवातीला आम्ही मोबाइलचा जुना चार्जर लावला होता. मॉनिटर जोडला की कोपऱ्यात विजेची पिवळी खूण लुकलुकायची. याचा अर्थ, व्होल्टेज कमी पडतंय. मग ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा योग्य अडॅप्टर आणला. एकदा नोंद लिहिली जात असतानाच लाइट गेली आणि मेमरी कार्डावरचा डेटाबेस बिघडला. आठवड्याभराच्या नोंदी हाताने पुन्हा भरल्या. आता डेटा यूएसबीवरच्या एसएसडीत राहतो आणि पायच्या मागे छोटा यूपीएस आहे.

दुसरी खोड घड्याळाची. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. इंटरनेट नसताना तो सुरू झाला की बंद पडतानाची वेळ धरूनच पुढे मोजायला लागतो. सोमवारी सकाळी दिलेल्या मल्टिमीटरवर शनिवारची तारीख पडलेली आम्ही पाहिली आहे. स्टॉकच्या वहीत याहून वाईट चूक नाही. बटण सेलवर चालणारं डीएस३२३१ हे घड्याळाचं छोटं मॉड्यूल पिनांवर बसवलं आणि ती तक्रार मिटली.

असं काही करायचं मनात असेल, तर यंत्र आणण्याआधी सुट्टीत सगळे खण रिकामे करून मोजा. चुकीचा आकडा संगणकात गेला, तरी तो चुकीचाच राहतो. बॅकअप रोज घ्या, आणि तो दुसऱ्या कार्डावर उतरवून चालतो का, हे एकदा तरी पाहा. ऑडिटला दाखवायचं डेड स्टॉक रजिस्टर आमच्याकडे अजून कागदावर, सहीशिक्क्यानिशी आहे. ते यंत्राने सुटलेलं नाही.

परवा मामांनी ५५५ मोजले. पडद्यावर २२, खणात २१. एक कुणीतरी न सांगता नेलाय.