महागाई आणि महागडे शेअर

२०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट. अकोटकडचे माझे एक जुने विद्यार्थी अमरावतीला घरी आले. त्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या वर गेला होता. मध्यम धाग्याचा हमीभाव होता ५,७२६. हाती आलेल्या पैशातून त्यांनी झपाट्याने वाढणाऱ्या एका नावाजलेल्या कंपनीचे शेअर घेतले आणि चार महिन्यांत त्यांची किंमत जवळजवळ निम्मी झाली. “सर, कंपनी त चांगली हाये, धंदाही वाढून राह्यला. मंग शेअर कावून पडला?” असा त्यांचा सरळ प्रश्न. मी त्यांना काय उपदेश करणार? माझ्या ग्रॅच्युइटीतले काही पैसे त्याच जातीच्या शेअरमध्ये अडकले होते.

उत्तर शेअरसाठी दिलेल्या भावात आहे. शेअरच्या भावाला कंपनीच्या दर शेअरमागच्या वार्षिक नफ्याने भागले की जो आकडा येतो, त्याला पी-ई म्हणतात. पी-ई २० असेल तर आपल्या १०० रुपयांमागे कंपनी वर्षाला ५ रुपये कमावते. ८० असेल तर फक्त सव्वा रुपया. तरी लोक ८० पट भाव देतात, कारण पुढे नफा खूप वाढेल असा भरवसा असतो. वरूड-मोर्शीकडच्या माणसाला हे लगेच कळेल. बहारावर आलेली संत्र्याची बाग घेतली तर यंदाच फळ मिळते. नुकतीच लावलेली कलमे घेतली तर पाच-सहा वर्षे थांबावे लागते. कलमांना बहारावरच्या बागेचा भाव द्यायचा, तर थांबण्याची किंमत काय, हे आधी पाहायला हवे.

महागाई नेमकी हीच किंमत वाढवते. व्याज ६ टक्के असेल तर दहा वर्षांनी मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मोल सुमारे ५६ रुपये. महागाईमुळे व्याज ९ टक्क्यांवर गेले की तेच मोल ४२ रुपये होते, म्हणजे पाव हिस्सा गेला. एका वर्षाने मिळणाऱ्या १०० रुपयांचे मोल मात्र ९४ वरून ९२ वर येते, एवढेच. नफा जितका लांबचा, तितका फटका मोठा, आणि यात कंपनीची काही चूक असावीच लागत नाही. श्रोतेहो, हा हिशेब एकदा घरी वहीवर करून पाहा. मी तो आयुष्यभर वर्गात शिकवला आणि स्वतःचे पैसे गुंतवताना केला नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये किरकोळ महागाईचा दर ७.७९ टक्के झाला. रिझर्व्ह बँकेने मे महिन्यापासून ४ टक्क्यांचा रेपो दर वाढवत नेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० वर पोहोचला. झोमॅटोचा शेअर जुलै २०२१ मध्ये ७६ रुपयांना विक्रीस आला होता. नोव्हेंबरात तो १६९ पर्यंत चढला आणि जुलै २०२२ मध्ये ४१ च्या आसपास उतरला. सगळा दोष महागाईचा नव्हे. कंपनी तेव्हा तोट्यात होती, शिवाय सुरुवातीच्या भागधारकांवरची विक्रीबंदी त्याच महिन्यात उठली होती. पुढे तो शेअर सावरला, बराच वरही गेला. पण १६० ला घेणाऱ्याला मुद्दल परत दिसायला दोन वर्षांहून जास्त काळ लागला, आणि तोवर घरचा किराणा काही थांबून राहिला नव्हता.

दुसरी गोष्ट फारशी बोलली जात नाही. महागाईत धंदा वाढवणेच महाग होते. अकोल्याच्या कुठल्याही जिनिंगवाल्याला विचारा. १,००० क्विंटल कापूस ५,००० च्या भावाने ५० लाखांत येतो. भाव १०,००० झाला की १ कोटी लागतात. गाठी तेवढ्याच, यंत्रे तीच, भांडवल मात्र दुप्पट, तेही वाढीव व्याजाने. महागाई वाढली म्हणून कंपनीच्या भांडवलावरचा परतावा आपोआप वाढत नाही, असे वॉरन बफे यांनी १९७७ मध्येच ‘फॉर्च्युन’मध्ये लिहिले होते. ज्या कंपन्यांना वाढण्यासाठी सतत बाहेरून पैसा आणावा लागतो, त्यांची अडचण सर्वांत मोठी.

आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात लोक मिलो खात होते, त्याच सुमारास अमेरिकेत ‘निफ्टी फिफ्टी’ नावाने पन्नासेक कंपन्या गाजत होत्या. आपल्या निफ्टीशी त्यांचा संबंध नाही. घ्या आणि विसरून जा, अशी त्यांची ख्याती. झटपट फोटो काढणारे कॅमेरे बनवणाऱ्या पोलरॉइडचा पी-ई नव्वदच्या वर गेला होता. १९७३-७४ मध्ये तेल भडकले, महागाई दोन आकडी झाली आणि पोलरॉइडचा शेअर सुमारे ९० टक्के पडला. त्याच यादीतली कोका-कोला आजही जोरात आहे. पण तेव्हा तीही आपटली होती.

विका की ठेवा, हे मी त्या विद्यार्थ्यांना सांगितले नाही. कंपनीचा आजचा नफा, तिच्यावरचे कर्ज आणि बँकेच्या ठेवीचे व्याज एवढे शेजारी-शेजारी लिहायला सांगितले. लिहून झाल्यावर ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. “सर, नफ्याच्या रकान्यात त काहीच नाही.” पेरणीपुरते शेअर त्यांनी तोट्यात विकले. उरलेले अजून त्यांच्याकडे आहेत, आणि माझे माझ्याकडे.