विद्यापीठाच्या आवारात तालीम का नसावी?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. सोलापूर जिल्ह्यातील एका महाविद्यालयात मी अध्यापन करीत होतो. द्वितीय वर्षाच्या वर्गात मागल्या बाकावर एक विद्यार्थी बसत असे. कान मोडलेले, मान खांद्यांत रुतलेली, आणि वहीतील अक्षर मात्र मोत्यासारखे. चैत्र लागला की तो वर्गातून दिसेनासा होई. त्या वर्षी त्याचे दोन पेपर बुडाले, कारण त्या दोन्ही दिवशी तो कोठल्या तरी जत्रेच्या फडात लांग चढवून उभा होता. मी त्याला बोलावून पदवीचे महत्त्व समजावून सांगितले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाला, "सर, जत्रेचे दोन महिने हातचे गेले तर वर्षाचा खुराक आणायचा कोठून?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढल्या जूनमध्ये तो आला नाही. काही वर्षांनी एका साखर कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याच्या गणवेशात तो दिसला. त्याने नमस्कार केला. मला ओळख पटवून घेण्यास क्षणभर उशीर लागला, ही खंत आजही आहे.

हा प्रसंग सांगण्याचे कारण असे की, विद्यापीठात कुस्तीचा स्वतंत्र आणि कायमचा विभाग असावा, असे प्रतिपादन मी येथे करणार आहे. आणि ते पहिलवानांच्या कैवारापेक्षा शिक्षकाच्या अपराधी भावनेतून अधिक आलेले आहे, हे वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही.

१ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. तत्पूर्वी जिल्ह्यातील महाविद्यालये कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. त्या काळी येथील तरुण पदवीसाठी कोल्हापूरकडे पाहत असे आणि कुस्तीसाठीही कोल्हापूरचीच वाट धरीत असे. पदवी केगावला आली; तालीम मात्र कोल्हापुरातच राहिली. २०१९ मध्ये या विद्यापीठास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव देण्यात आले. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले हे विद्यापीठ आहे, आणि या लहानपणाची थट्टाही पुष्कळदा होते. परंतु करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंतची अकरा तालुक्यांतील महाविद्यालये ज्याच्या हाताशी आहेत, त्यालाच एखादी गोष्ट मनावर घेऊन तडीस नेणे सोपे असते.

कुस्तीचे बीज या जिल्ह्यात नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. २०१८ मध्ये जालन्याच्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरी ठरलेला बाला रफिक शेख करमाळा तालुक्यातील खडकी गावचा. पण ती गदा त्याने बुलढाणा जिल्ह्याच्या वतीने उचलली. २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावच्या आखाड्यात महाराष्ट्र केसरी झालेला सिकंदर शेख मोहोळचा; पण त्याची घडण कोल्हापूरच्या गंगावेश तालमीतील. दोघेही सामान्य घरांतून आलेले. खुद्द सोलापूर शहरात पाणीवेस तालीम, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे आजही घरोघरी ठाऊक आहेत. परंतु ती ऐकताच नव्या पिढीच्या डोळ्यांपुढे हौदातील तांबडी माती येत नाही, मिरवणुकीतील लेझीमचे ताफे येतात. लेझीमविषयी माझी तक्रार नाही. पण ज्या जिल्ह्याची पोरे बारा-तेराव्या वर्षी वळकटी घेऊन दुसऱ्या गावच्या तालमीत स्वयंपाक करून राहतात, पहाटे चारला उठून जोर-बैठका मारतात आणि शाळेशी नाते केवळ हजेरीपटापुरते ठेवतात, त्या जिल्ह्याच्या शिक्षणव्यवस्थेने त्याकडे निव्वळ प्रेक्षकाच्या नजरेने पाहावे काय?

या पोरांतील शंभरात एखादा केसरी होतो. उरलेल्या नव्याण्णवांचे तिशीनंतर काय होते, हा खरा प्रश्न आहे. गुडघा निखळला, खांदा निसटला की खुराक बंद होतो, आणि पाठीशी दहावी-बारावीपलीकडचा कागद नसतो. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. पण तेथेही पदाला लागणारी शैक्षणिक अर्हता खेळाडूस चुकत नाही. डाव येतो, अर्ज करता येत नाही, अशी ही अवस्था आहे.

खाशाबांचे महाविद्यालय

स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले ते कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी, १९५२ साली हेलसिंकीत. हे सर्वांस ठाऊक आहे. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते, हे मात्र आपण सांगता सांगता विसरतो. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते प्रथमच गादीवर उतरले आणि तरीही सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते, तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. म्हणजे ज्या पदकाचा आपण मातीच्या नावाने गौरव करतो, त्यामागे एक महाविद्यालय आणि एक प्राचार्य उभे होते. कुस्ती आणि उच्च शिक्षण यांचा काय संबंध, असे विचारणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर देण्याची गरज नाही.

त्यानंतर मात्र वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी महाराष्ट्राला ७२ वर्षे थांबावे लागले. २०२४ मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेने ते मिळविले, पण नेमबाजीत. कुस्तीत २००८ पासून सुशीलकुमार, योगेश्वर दत्त, साक्षी मलिक, रवी दहिया, बजरंग पुनिया, अमन सेहरावत यांनी भारताला पदके दिली. ही सर्व मंडळी हरियाणा-दिल्लीकडची. बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा राहुल आवारे २०१९ मध्ये जागतिक स्पर्धेत कांस्यपदकापर्यंत गेला, हाच काय तो आपला दिलासा.

असे का व्हावे? मला सुचलेले एक कारण मांडतो. आपल्या जत्रांचे आणि केसरी किताबांचे वेड मुख्यतः भारी वजनाचे आहे. शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती धिप्पाड गड्यांची. हलक्या गड्याची कुस्ती दुपारच्या उन्हात, प्रेक्षक जमण्यापूर्वी उरकते. याउलट ऑलिंपिकचा हिशेब पाहा. खाशाबा बँटमवेट गटातले. रवी दहिया आणि अमन ५७ किलोचे, योगेश्वर ६० चा, बजरंग ६५ चा, सुशील ६६ चा. भारताचे यश हलक्या वजनांत आहे आणि महाराष्ट्राचा पैसा जड वजनांत. ५७ किलोच्या पोराला जत्रा पोसू शकत नाही, कारण तिकीट काढून त्याला पाहायला कोणी येत नाही. आंतरविद्यापीठ स्पर्धेत मात्र प्रत्येक वजनगटाला सारखेच पदक असते. जेथे बाजाराला रस नाही तेथेच विद्यापीठाने उभे राहावयाचे असते. संस्कृत वा गणिताच्या बाबतीत हे आपण मान्य करतो, मग कुस्तीच्या बाबतीत का नाही?

दुसरी अडचण माती आणि गादी यांच्यातील अंतराची. मातीत निकाली कुस्तीला पाठ लागावी लागते. जोड तोलामोलाची असली तर गडी एकमेकांना चाचपीत अर्धा अर्धा तास झुंजतात. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये तीस सेकंदांची उसंत. मुक्त शैलीत दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली, आणि नऊ मीटर व्यासाच्या वर्तुळाबाहेर पाय पडला तरी गुण गेला. घिस्सा, ढाक, कलाजंग, एकेरी पट हे डाव दोन्हीकडे चालतात. परंतु दमसास आणि हिशेब अगदी निराळा. मातीतला गडी विसाव्या वर्षी प्रथम गादीवर येतो तेव्हा त्याला चालण्यापासून शिकावे लागते. म्हणून विद्यापीठात हौद आणि गादी शेजारी-शेजारी हवीत. माती काढून टाका, असे मी म्हणणार नाही. हळद, ताक, तेल आणि लिंबू पिऊन मुरलेल्या मातीत पडण्याची जी सवय लागते, ती दुसरीकडे लागत नाही, असे जुने वस्ताद सांगतात.

मक्याच्या राज्यातील धडा

अमेरिकेतील आयोवा हे राज्य मका आणि डुकरे यांसाठी प्रसिद्ध. तेथे ना समुद्र, ना मोठी महानगरे. पण तेथील विद्यापीठांनी कुस्ती आपली मानली. डॅन गेबल हा आयोवा स्टेट विद्यापीठाचा विद्यार्थी. १९७२ च्या म्यूनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न गमावता त्याने सुवर्णपदक जिंकले, आणि पुढे आयोवा विद्यापीठाचा प्रशिक्षक म्हणून १५ राष्ट्रीय विद्यापीठीय विजेतेपदे मिळवून दिली. शेतकऱ्यांच्या मुलांचा खेळ त्या राज्याच्या विद्यापीठाची ओळख बनला. ज्वारीच्या कोठारातील विद्यापीठाला यातून घेण्यासारखे काहीच नाही काय?

त्याच देशात पैशाच्या ओढाताणीने अनेक विद्यापीठांनी कुस्ती बंदही केली, हे सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने २०२० मध्ये अकरा खेळ बंद करण्याचे जाहीर केले, त्यांत कुस्ती होती. २०२१ च्या मार्चमध्ये तेथील शेन ग्रिफिथ विद्यापीठाचे नाव नसलेला कोरा काळा पोशाख घालून उतरला आणि राष्ट्रीय विजेता झाला. मे महिन्यात विद्यापीठाने निर्णय मागे घेतला. पैसा नाही, हे कारण पुष्कळदा इच्छा नाही याचे सभ्य रूप असते.

आपल्याकडे खरोखरच पैसा कमी आहे. अध्यापकांच्या जागा रिकाम्या असताना कुस्तीसाठी खर्च कशाला, असे माझे सहकारीच विचारतील, आणि त्यांचा राग रास्त आहे. परंतु येथे काही सोन्याचा आखाडा मागितलेला नाही. पत्र्याची एक मोठी शेड, दोन गाद्या, एक हौद, वसतिगृहात दूध-अंड्यांची सोय असलेला भोजनकक्ष, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत शिकलेला एक प्रशिक्षक आणि आठवड्यातून दोनदा येणारा हाडांचा डॉक्टर, एवढ्याने आरंभ होतो. आज रूढ पद्धत अशी आहे की आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा घ्यावी, तीतून संघ निवडावा, चार दिवस सराव द्यावा आणि गाडीत बसवून द्यावे. मुलगा घडविला गावच्या वस्तादाने, खुराक दिला बापाने, आणि पदक मिळाले की छायाचित्र विद्यापीठाचे.

त्या वस्तादालाही विद्यापीठात स्थान हवे. त्याच्यापाशी पदवी नाही, म्हणून त्याची नेमणूक कशी करावयाची, अशी शंका कार्यालयीन मंडळी काढतील. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस'ची जी तरतूद केली, तीत आपल्या क्षेत्रात असाधारण कर्तृत्व असलेल्या व्यक्तीस औपचारिक पदवीची अट नाही. ही तरतूद केवळ कंपन्यांच्या निवृत्त अधिकाऱ्यांसाठीच आहे, असे कोणी ठरविले?

पहिलवानकी म्हणजे दांडगाई, निवडणुकीत उपयोगी पडणारे मनगट, असाही एक आक्षेप सुशिक्षितांच्या मनात असतो. तो अगदीच निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. पण पदवीविना, उत्पन्नाविना तिशी गाठलेल्या बलदंड माणसाला आपणच कोणाच्या दारात नेऊन उभा करतो, याचाही विचार व्हावा. त्याचप्रमाणे वजन झटपट वाढविणाऱ्या इंजेक्शनांचा धोका आहे, वजन उतरविण्यासाठी पाणी तोडण्याचा धोका आहे. विनेश फोगाटला २०२४ मध्ये पॅरिसच्या अंतिम फेरीपूर्वी १०० ग्रॅम जादा वजनापायी बाद व्हावे लागले. खेड्यातील तालमीत हे सांगणारा कोणी नसतो. विद्यापीठात शरीरशास्त्र आणि आहारशास्त्र शिकविणारी माणसे पगारावर असतात.

आणि मुलींचे काय? सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने २०२३ मध्ये पहिला महिला महाराष्ट्र केसरी किताब मिळविला. पण पारंपरिक तालमीची रचनाच पुरुषांची आहे. तेथे मुलीला राहण्याची सोय नाही. शिवाय २०२३ मध्येच देशातील नामांकित महिला कुस्तीगीर लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या होत्या, ते दृश्य कोणताही पालक विसरलेला नाही. विद्यापीठात मुलींचे वसतिगृह असते आणि अंतर्गत तक्रार समिती कायद्याने बंधनकारक असते. समिती कागदावरच राहू शकते, हे मान्य. परंतु जेथे कागदही नाही तेथे मुलगी कोणत्या भरवशावर पाठवावयाची? अहिल्यादेवींचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठात मुलींची गादी मुलांच्या आधी अंथरली गेली, तर निदान मला तरी आनंदच होईल.

शेड, गाद्या, प्रशिक्षक यांना वेळ लागेल. अंदाजपत्रक, अधिसभा, निविदा हे सोपस्कार चुकत नाहीत. एक गोष्ट मात्र दमडीच्या खर्चावाचून याच वर्षी होण्यासारखी आहे. चैत्र-वैशाखातील जत्रा आणि उन्हाळी परीक्षा एकाच वेळी येतात. खेळाडू विद्यार्थ्यांसाठी त्याच पेपरांची दुसरी संधी जूनमध्ये ठेवावी, आणि ती राष्ट्रीय स्पर्धांपुरतीच न ठेवता गावच्या पंच कमिटीच्या दाखल्यावर जत्रेच्या फडालाही लागू करावी. परीक्षा विभागाचे एक परिपत्रक त्यासाठी पुरेसे आहे. कोणत्या गावची जत्रा कोणत्या तिथीला, हे त्या-त्या महाविद्यालयातील शिपायालाही पाठ असते.