साडेपाचच्या गाडीपर्यंत

जालन्याच्या बसस्थानकावर सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले असता अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा, भोकरदन या तालुक्यांतून आलेल्या गाड्यांमधून जो समुदाय उतरतो, त्यात कचेरीत सातबाराची नक्कल मिळवण्यासाठी आलेले शेतकरी असतात, मोंढ्यात निघालेली माणसे असतात. परंतु त्या सर्वांहून अधिक नजरेत भरतात ती पाठीवर दप्तर आणि हातात डब्याची पिशवी घेतलेली मुले-मुली. शहर त्यांच्या दृष्टीने पाहावे म्हणून मी एक दिवस त्यांच्यापैकीच एकाच्या मागोमाग हिंडलो. घनसावंगी तालुक्यातील एका खेड्यातून येणारा, विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाचा हा मुलगा. उतरताच त्याने प्रथम परतीच्या गाडीची चौकशी केली.

“साडेपाचची चुकली की मग आठ वाजतात, सर,” तो म्हणाला.

एवढ्या एका वाक्याने त्याच्या शहराची सीमा आखली गेली. ‘जालना, सोने का पालना’ ही ख्याती व्यापाऱ्यांच्या जालन्याची. बियाणे, लोखंडी सळया आणि मोसंबी यांनी ती आजही राखली आहे. विद्यार्थ्याचे जालना मात्र स्थानकापासून पायी किती मिनिटे, या एकाच मापाने मोजले जाते, आणि रिक्षाचे भाडे वाचवण्यासाठी त्याने शोधलेल्या आडवाटा इतक्या अचूक असतात की पिढीजात रहिवाशालाही त्या ठाऊक नसाव्यात. एसटीच्या पासावर विद्यार्थ्याला भाड्याचा तिसरा हिस्साच भरावा लागतो, बारावीपर्यंतच्या मुलींना तोही माफ आहे. पण त्यासाठी महाविद्यालयाचा दाखला, त्यावरचा शिक्का आणि खिडकीपुढची रांग यांत महिन्यातील एक सकाळ खर्ची पडते.

हे शहर विद्येचे ठाणे झाले त्याला फार काळ लोटलेला नाही. निजामी अमदानीत संस्थानात विद्यापीठ एकच, हैदराबादचे उस्मानिया, आणि तेथील माध्यम उर्दू. त्यामुळे मराठी घरातील मुलाला उच्च शिक्षण म्हणजे गावाबरोबर भाषेचेही स्थलांतर असे. १९४८ साली संस्थान मुक्त झाले, १९५८ साली औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याच वर्षी जालन्यात आज सर्वतोमुखी ‘जेईएस’ म्हणून असलेले महाविद्यालय उघडले. त्याच्या कला, वाणिज्य आणि विज्ञान या शाखांना बागडिया, लखोटिया आणि बेझंजी अशी तीन निरनिराळ्या घराण्यांची नावे आहेत. पेठेच्या या गावाने विद्येलाही आपल्या घरात जागा दिली, याची ती साक्ष मला फार मोलाची वाटते.

महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी त्या मुलाला दुरून पाहिले. ब्युरेटची तोटी डाव्या हाताच्या बोटांत हलकेच धरून, उजव्या हाताने शंकुपात्र अखंड घोळवीत, थेंबामागून थेंब सोडणारा तो मुलगा सकाळपासून प्रथमच घड्याळ विसरला होता. अखेरचा एक थेंब पडला, रंगहीन द्रवावर फिकट गुलाबी छटा चढली आणि घोळवूनही ती टिकली, तेव्हा त्याने श्वास सोडला आणि आकडा लिहिला. एक थेंब अधिक पडता तर छटा गडद होऊन सारे पुन्हा मांडावे लागले असते, आणि पुन्हा मांडण्यास लागणारी वीस मिनिटे त्याच्या दिवसात कोठेही शिल्लक नव्हती.

दुपारी झाडाखाली चौघांचे डबे उघडले. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कुणाचे पिठले. डबा ज्याचा त्याचा राहत नाही. त्यानंतर अभ्यासिका: पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके पुढ्यात घेऊन बसलेली, खोली करून राहणारी मुले तेथे रात्रीपर्यंत थांबतात. आमचा विद्यार्थी त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत होता, तिच्यात मत्सर नव्हता. पण मोकळ्या संध्याकाळची किंमत त्याला नेमकी माहीत होती. मोतीबाग त्याने दोन वर्षांत एकदाच पाहिली आहे, गाडी बंद पडली होती त्या दिवशी.

परतताना कुंडलिका नदीच्या पुलावर तो क्षणभरही थांबला नाही. फलाटावर गाडी लागलेलीच होती. खिडकीतून दप्तर आत टाकून त्याने जागा धरली, आणि मी निरोप घेण्यापूर्वीच मांडीवर वही उघडून दुपारचे आकडे जर्नलमध्ये उतरवू लागला. गाडी हलली की अक्षर बिघडते, म्हणून.