गृह-ध्वनिमुद्रणातील मार्गदर्शक चालीसाठी वाद्यनादाची निवड : एक विवेचन

प्रस्तावना
संगणक, मिडी की-बोर्ड आणि मायक्रोफोन एवढ्या साधनांवर आज घरच्या घरी गीताचे ध्वनिमुद्रण करता येते. गायकास चाल समजावी म्हणून संगीतकार ती प्रथम एखाद्या वाद्याच्या नादात वाजवून ठेवतो. या तात्पुरत्या मुद्रणास ‘गाईड ट्रॅक’ असे म्हणतात. अंतिम गीतात तो राहत नाही. म्हणून त्यासाठी कोणताही नाद चालेल, असा समज आढळतो. वस्तुतः गायक गाईडमधून केवळ स्वर घेत नाही, तर एका स्वरावरून दुसऱ्या स्वराकडे जाण्याची रीतही घेतो. सुगम संगीताच्या संदर्भात या निवडीचे निकष मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पियानोच्या मर्यादा
१९९१ च्या जनरल मिडी प्रमाणकात १२८ नाद असून पहिला क्रमांक पियानोचा आहे. साहजिकच अनेकदा गाईड पियानोतच तयार होतो. पियानोच्या स्वराचा आरंभ स्पष्ट असल्याने लय चटकन समजते. परंतु आघातानंतर त्याचा नाद क्षीण होत जातो. त्यामुळे ओळीच्या शेवटी दीर्घ अक्षर किती मात्रा धरावयाचे, हे गायकास नेमके कळत नाही. तसेच प्रत्येक स्वर सुटा ऐकू येत असल्याने मींडेची जागा पायऱ्यांसारखी भासते.

निवडीचे निकष
पहिला निकष आरंभाचा. सावकाश उमलणारा व्हायोलिनसमूहाचा नाद गोड वाटला, तरी त्याच्यामागून गाणारा गायक लयीत मागे पडतो. दुसरा निकष धारणेचा. क्लॅरिनेट, बासरी किंवा हार्मोनियम यांचा नाद स्वर सोडेपर्यंत टिकतो. म्हणून अक्षराची लांबी स्पष्ट होते.

तिसरा निकष मींडेचा. हार्मोनियमचे स्वर स्थिर असल्याने त्यावर मींड काढता येत नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये या वाद्यावर घातलेल्या बंदीमागील आक्षेपांत हाही एक होता. की-बोर्डवर ही उणीव ‘पिच बेंड’ चक्राने भरून काढता येते. मात्र त्याची नेहमीची मर्यादा वर-खाली दोन अर्धस्वरांची असते, तर षड्जापासून शुद्ध मध्यमापर्यंतचे अंतर पाच अर्धस्वरांचे आहे. म्हणून ही मर्यादा आधी वाढवून घ्यावी लागते. बासरी वा एकल व्हायोलिनच्या नादात अशी मींड अधिक स्वाभाविक वाटते.

चौथा निकष सप्तकाचा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, तर काळी चारमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा सुमारे २०८ हर्ट्झ असतो. बासरीचा नाद बहुधा याहून वरच्या सप्तकात वाजतो. नवोदित पुरुष गायक अशा वेळी सप्तकाविषयी गोंधळतो. त्याच्यासाठी खालच्या पट्टीतील क्लॅरिनेट अधिक सोयीचा ठरतो.

पाचवा निकष व्यावहारिक आहे. तीक्ष्ण नाद हेडफोनमधून झिरपून मायक्रोफोनमध्ये शिरतो आणि नंतर गाईड काढून टाकला तरी आवाजामागे त्याची छाया राहते. म्हणून सौम्य नाद, कमी पातळी आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन ही त्रयी पाळावी.

संगीतकाराचा स्वतःचा आवाज
संगीतकाराने स्वतः गुणगुणून केलेला गाईड मींड, श्वासाच्या जागा आणि शब्दोच्चार एकाच वेळी दाखवितो. परंतु त्यामुळे गायक अनुकरणाकडे झुकतो. त्याच्या स्वतःच्या गायकीस वाव उरत नाही. वाद्यनाद याबाबत तटस्थ असतो.

समारोप
सारांश, गाईडचा नाद कानास गोड लागतो की नाही, यापेक्षा तो चालीतील कोणती माहिती गायकापर्यंत पोहोचवितो, हे पाहणे आवश्यक आहे. लयप्रधान गीतास पियानो पुरतो; मींडप्रधान भावगीतास मात्र टिकणारा आणि वळणारा नादच हवा. चाल कंठस्थ झाल्यावर गाईड बंद करून केवळ तानपुरा व ठेक्यावर अंतिम मुद्रण करावे. युवक महोत्सवासाठी विद्यार्थ्यांची गीते बसविणाऱ्या प्राध्यापकांनी ही दक्षता घेतल्यास विद्यार्थी यंत्राचे नव्हे, तर चालीचे गाणे गातील.