दार आतूनच उघडतं

मोताळ्यातल्या एखाद्या सेतू केंद्राचा अडलेला संगणक बुलढाण्यात बसलेला तंत्रज्ञ ‘रिमोट अ‍ॅक्सेस’ने दुरुस्त करू शकतो. पण बहुधा १९२.१६८ने सुरू होणारा त्या संगणकाचा आयपी पत्ता राउटरच्या आतच चालतो. बाहेरच्याला थेट शिरता येत नाही. म्हणून एनीडेस्कसारखं अ‍ॅप आतूनच कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी करतं. स्क्रीनवरचा क्रमांक सांगून तुम्ही परवानगी दिलीत, की परक्याचा माउस तुमच्या पडद्यावर फिरू लागतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्ये बँकांना सावध केलं, ते हीच सोय वापरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल.

मग अशी अ‍ॅप बंदच का करू नयेत? कारण त्यांच्यावाचून प्रत्येक किरकोळ दुरुस्तीला माणूस बोलवावा लागेल. व्हीपीएनने धोका टळतो, हा भ्रमच: तो वाटेतला मजकूर कूटबद्ध करतो, तुम्ही दिलेली परवानगी अडवत नाही. बँकेच्या नावाने कुणी स्क्रीनवरचा हा क्रमांक मागितला, तर फोन ठेवा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.